ड्रायव्हरच्या के-कॉन्फिगमध्ये 'डिपेंड्स ऑन' कधी, 'सिलेक्ट' कधी आणि काहीच नको कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका एआरएम बोर्डसाठी प्रेशर सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर लिहिलाय, चिप आय-टू-सी वर पण लागते आणि एसपीआय वर पण (या चिप जोडायच्या दोन बस), ड्रायव्हर आयआयओ या सेन्सरांसाठीच्या सबसिस्टिममध्ये जातो, वर एक रिसेट जीपीआयओ (चिप रिसेट करायचा पिन) आणि एक रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा) आहे. के-कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय बिल्ड करायचं त्याचे ऑप्शन जिथं लिहितात त्या फाइलमध्ये ('डिपेंड्स ऑन' म्हणजे तो ऑप्शन असेल तरच मी, 'सिलेक्ट' म्हणजे मी चालू तर तोही चालू), लिहिलं होतं सिलेक्ट आय२सी, सिलेक्ट एसपीआय, सिलेक्ट जीपीआयओलिब, सिलेक्ट रेग्युलेटर, डिपेंड्स ऑन ओएफ (डिव्हाइस ट्रीची सोय), डिपेंड्स ऑन आर्च_रॉकचिप, आणि खाली डिफॉल्ट वाय. मेंटेनरनं (त्या सबसिस्टिमचे पॅच तपासून घेणाऱ्यानं) जवळजवळ सगळ्या ओळी काढायला सांगितल्या. मग सिलेक्ट काढून 'आय२सी || एसपीआय_मास्टर' केलं तर टेस्ट रोबोटचा (पॅच वेगवेगळ्या कॉन्फिगवर आपोआप बिल्ड करून बघणाऱ्याचा) मेल आला की लिंक होत नाहीये, अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे बोलावलेलं फंक्शन सापडत नाही. स्वतःच्या मशीनवर मात्र व्यवस्थित बिल्ड होतंय. तर हे नक्की ठरवायचं कसं, काही नियम आहे की मेंटेनरच्या मर्जीवर आहे सगळं.

नियम आहे, आणि मर्जीचा भाग फार थोडा आहे. अडचण अशी होते की तीन वेगवेगळ्या गरजा आपण एकाच जागी ओततो. पहिली गरज, कोड कंपाइल आणि लिंक व्हायला काय लागतं. दुसरी, बोर्डवर डिव्हाइस प्रत्यक्ष चालायला काय लागतं. तिसरी, हा ऑप्शन कर्नल कॉन्फिगर करणाऱ्या कुठल्या माणसाला दाखवायचा. यातली पहिली गरज डिपेंडन्सी म्हणून लिहायचीच. तिसरी लिहायची, पण तिची एक ठरलेली पद्धत आहे. दुसरी मात्र के-कॉन्फिगमध्ये लिहायचीच नाही, आणि तुमच्या सात ओळींपैकी तीन ओळी या दुसऱ्या प्रकारातल्या आहेत म्हणून त्या खोडल्या गेल्या.

आधी त्या तीन बघू. रेग्युलेटर, जीपीआयओ आणि ओएफ. बोर्डवर रेग्युलेटर चालू झाला नाही तर सेन्सरला करंट मिळणार नाही हे खरंय, पण तो तुमच्या बोर्डचा प्रश्न आहे. दुसऱ्या कुणी हीच चिप कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टच्या रेलवर लावली तर त्याला रेग्युलेटर फ्रेमवर्कची गरजच नाही. आणि कर्नलमध्ये याची सोय केलेली आहे, रेग्युलेटरची हेडर फाइल उघडून बघा, फ्रेमवर्क बंद असेल तर तिथं रिकामी इनलाइन फंक्शनं आहेत, गेट केलं तर नल मिळतो आणि एनेबल केलं तर शून्य परत येतं, म्हणजे ड्रायव्हर काही घडलंच नाही असं समजून पुढं जातो. जीपीआयओचं तसंच, कन्झ्युमर हेडरमध्ये जीपीआयओलिब नसताना 'ऑप्शनल' वालं गेट नल देतं आणि साधं गेट ईनोसिस (ही सोय नाही असा एरर) देतं. तुमचा रिसेट पिन सगळ्या बोर्डांवर जोडलेला असेलच असं नाही त्यामुळं ऑप्शनल वालंच वापरा, आणि के-कॉन्फिगमध्ये जीपीआयओचा उल्लेखही नको. हां, उद्या तुमचा ड्रायव्हर स्वतः जीपीआयओ पुरवणार असेल, म्हणजे जीपीआयओ_चिप रजिस्टर करणार असेल, तर गोष्ट वेगळी, तिथं जीपीआयओलिब लागतंच.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या, डिपेंडन्सी लिहायच्या आधी त्या एपीआयची हेडर फाइल उघडायची आणि #इफ च्या #एल्स भागात स्टब, म्हणजे वरच्यासारखी रिकामी फंक्शनं, आहेत का ते बघायचं. क्लॉक, रिसेट, रेग्युलेटर, जीपीआयओ कन्झ्युमर यांना स्टब आहेत. हार्डवेअर मॉनिटरिंगच्या रजिस्टर फंक्शनला नाहीत. हे पाठ करून उपयोग नाही कारण दर काही रिलीजला कुठंतरी बदलतं, हेडर बघायला दोन मिनिटं लागतात.

ओएफ ची ओळ तर नुसती अनावश्यक नाही, ती नुकसान करते. तुम्ही डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डवर काय काय जोडलंय त्याच्या वर्णनातून) दोन प्रॉपर्टी वाचताय तर डिव्हाइस_प्रॉपर्टी_रीड वाली फंक्शनं वापरा, ती डिव्हाइस ट्रीवर पण चालतात आणि एसीपीआय वर पण (एक्स८६ मशीनवर हेच वर्णन देणारी पद्धत). एसीपीआय मध्ये पीआरपी०००१ नावाचा खास आयडी आहे, तो दिला की एसीपीआय वालं मशीन तुमच्या डिव्हाइस ट्रीच्या कंपॅटिबल स्ट्रिंगवरूनच ड्रायव्हर शोधतं. म्हणजे कुणी साध्या एक्स८६ बोर्डाला ही चिप जोडली तर एक ओळ न बदलता चालेल, पण तुम्ही डिपेंड्स ऑन ओएफ लिहिलंत, किंवा मॅच टेबलला ओएफ_मॅच_पीटीआर मध्ये (ओएफ नसेल तर टेबल नल करणाऱ्या मॅक्रोत) गुंडाळलंत, की तो रस्ता बंद. आयआयओ मध्ये रिव्ह्यूला हा मुद्दा सतत निघतो.

रनटाइमबद्दल अजून एक, कारण हे बऱ्याच जणांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. 'माझा रेग्युलेटर अमुक पीएमआयसी (पॉवर सांभाळणारी चिप) मधून येतो, तर त्या पीएमआयसीच्या ड्रायव्हरवर डिपेंड्स ऑन टाकतो म्हणजे तो आधी लोड होईल.' असं होत नाही. के-कॉन्फिगला लोड होण्याच्या क्रमाशी काही देणंघेणं नाही, ते काम प्रोब डिफरलचं आहे, पुरवठादार अजून आला नसेल तर ईप्रोब_डिफर परत येतं आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. एमएफडी (एकाच चिपमध्ये अनेक कामं) चं मूल असलेल्या ड्रायव्हरची गोष्ट वेगळी, तो पालक ड्रायव्हरचा रेगमॅप (चिपची रजिस्टर वाचा-लिहायची सामाईक लायब्ररी) किंवा त्याची फंक्शनं थेट वापरतो, पालकाशिवाय त्याला अर्थच नाही, तिथं पालकावर डिपेंड्स ऑन बरोबर आहे.

आता सिलेक्ट. यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त त्रास इथून सुरू होतो आणि सुरुवातीला ते फार सोयीचं वाटतं. ऑप्शनची किंमत एन (बंद), एम (वेगळं मॉड्यूल) किंवा वाय (कर्नलच्या आत) असते, तिन्ही चालतात तो ट्रायस्टेट, फक्त एन आणि वाय चालतात तो बूल. डिपेंड्स ऑन म्हणजे वरची मर्यादा, डिपेंडन्सी एम असेल तर ट्रायस्टेट ड्रायव्हर एम च्या वर जाऊ शकत नाही. सिलेक्ट म्हणजे खालची मर्यादा, मी वाय आहे तर तूही किमान वाय हो. पण सिलेक्ट करताना समोरच्याच्या स्वतःच्या डिपेंडन्सी तपासल्या जात नाहीत. त्याला न विचारता त्याच्या वतीनं परस्पर सही करून टाकावी तसं आहे ते, त्याच्याकडं पैसे आहेत की नाहीत हे कुणी बघितलंच नाही. के-कॉन्फिग फार तर 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' अशी वॉर्निंग छापतं आणि पुढं जातं, मग फुटतं ते कंपाइल करताना किंवा अगदी शेवटी लिंक करताना.

म्हणून कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट सांगितलंय की सिलेक्ट जपून वापरा, साधारणपणे ज्या सिंबॉलला (के-कॉन्फिगमधल्या ऑप्शनला) प्रॉम्प्ट नाही, म्हणजे जो मेनूत कुणाला दिसतच नाही, आणि ज्याला स्वतःच्या डिपेंडन्सी नाहीत त्यासाठीच. लायब्ररीसारख्या गोष्टी. एमएफडी_कोअर, रेगमॅप_आयआरक्यू, सीआरसी ची फंक्शनं. वापरणाऱ्याला 'रेगमॅप हवाय का' असं विचारण्यात काही अर्थ नाही, ज्या ड्रायव्हरला लागतो त्यानं ओढून घ्यावा. याउलट आय२सी, एसपीआय, यूएसबी, पीसीआय, नेट ही अख्खी सबसिस्टिम आहेत, ती चालू ठेवायची की नाही हा कर्नल बांधणाऱ्या माणसाचा निर्णय आहे. त्यानं विचार करून आय२सी बंद ठेवलं असेल तर तुमच्या एका सेन्सरनं ते परत चालू करणं चुकीचंच, आणि वर तो मेनूत जाऊन बंद करायला बघेल तर बंद होणार नाही आणि कुणी चालू केलंय ते शोधत बसेल.

रेगमॅप_आय२सी हे मधलं उदाहरण आहे आणि ते नीट समजलं की बाकी सोपं जातं. त्याला प्रॉम्प्ट नाही, म्हणून सिलेक्ट करायचं. पण ते स्वतः आय२सी वर अवलंबून आहे. म्हणजे दोन ओळी जोडीनं हव्यात, डिपेंड्स ऑन आय२सी आणि सिलेक्ट रेगमॅप_आय२सी. नियम असा की ज्याला सिलेक्ट करताय त्याच्या डिपेंडन्सी तुम्ही स्वतःच्या अंगावर घ्यायच्या. फक्त सिलेक्ट लिहिलं आणि आय२सी ची ओळ विसरली तर काय होतं, समजा आय२सी एम आहे आणि तुमचा ड्रायव्हर वाय, तर रेगमॅप_आय२सी जबरदस्तीनं वाय होणार, म्हणजे कर्नलच्या मुख्य इमेजमध्ये बसणार, आणि ते ज्या आय२सी_ट्रान्सफर ला बोलावतं ते मात्र बाहेर मॉड्यूलमध्ये राहणार. लिंकर हात वर करणार.

'मग डीआरएम (ग्राफिक्स) मध्ये सिलेक्ट आय२सी बरीच वर्षं होतं, त्यांना चालतं आणि मला का नाही' असा प्रश्न येतोच. आहेत अशी ठिकाणं, पण त्यांचा आदर्श घेऊ नका. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरचं के-कॉन्फिग उघडून बघा, त्याला एसीपीआय_व्हिडिओ लागतं म्हणून सिलेक्ट केलंय, पण मग एसीपीआय_व्हिडिओ च्या डिपेंडन्सी पण सिलेक्ट कराव्या लागल्यात, इनपुट वगैरे, आणि लिहिणाऱ्यानंच कॉमेंटमध्ये 'इक' असं लिहून आपली नाराजी नोंदवून ठेवलीय. एकानं सिलेक्ट केलं की साखळीतल्या सगळ्यांनी करावं लागतं. आणि त्याच सिंबॉलला काही ड्रायव्हर सिलेक्ट करतायत आणि काही डिपेंड्स ऑन लावतायत असं मिश्रण झालं की कधीतरी वर्तुळ पूर्ण होतं, अ नं ब ला सिलेक्ट केलं, अ चं डिपेंड्स ऑन क वर, क चं ब वर, आणि 'रिकर्सिव्ह डिपेंडन्सी डिटेक्टेड'. ते सोडवायला बसलात की बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं, कुणाचा तरी सिलेक्ट डिपेंड्स ऑन करायचा. तुम्ही नवीन ड्रायव्हर लिहिताय तर त्या सबसिस्टिममधल्या शेजारच्या ड्रायव्हरांनी काय केलंय ते बघा आणि बहुसंख्य जिकडं आहेत तिकडं राहा, एकाच सिंबॉलसाठी दोन पद्धती मिसळणं हे दोन्हीपैकी कुठल्याही पद्धतीपेक्षा वाईट.

आता रोबोटचा मेल. हे समजायला के-कॉन्फिगचं गणित माहीत हवं, आणि ते अगदी छोटं आहे. एन म्हणजे ०, एम म्हणजे १, वाय म्हणजे २. 'आणि' (&&) म्हणजे दोन्हीतलं लहान, 'किंवा' (||) म्हणजे दोन्हीतलं मोठं, 'नाही' (!) म्हणजे २ मधून वजा. संपलं. म्हणजे !एम सुद्धा एमच होतं, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तुमची ओळ आहे आय२सी || एसपीआय_मास्टर. एसपीआय हा बूल आहे, तो मॉड्यूल होऊच शकत नाही, एक तर आहे नाहीतर नाही. आय२सी मात्र ट्रायस्टेट. रोबोटच्या रँडम कॉन्फिगमध्ये आय२सी एम आला आणि एसपीआय वाय, तर 'किंवा' नं मोठं घेतलं, वाय. म्हणजे तुमचा ड्रायव्हर वाय होऊ शकतो, झाला, आणि त्याच्यातला आय२सी चा भाग मॉड्यूलमधली फंक्शनं शोधायला लागला. तुमच्या मशीनवर आय२सी वाय आहे म्हणून तुम्हाला हे कधी दिसलंच नाही आणि दिसणारही नव्हतं.

याचा योग्य उपाय ड्रायव्हर तीन तुकड्यांत फोडणं हा आहे. बॉशच्या बीएमपी२८० चा ड्रायव्हर आयआयओ च्या प्रेशर फोल्डरमध्येच आहे, तुमच्या चिपच्या अगदी शेजारचा, तो समोर ठेवा. त्यात एक कोअर आहे जो फक्त रेगमॅपशी बोलतो, त्याला खाली कुठली बस आहे ते माहीतच नाही. मग एक आय-टू-सी ची छोटी फाइल आणि एक एसपीआय ची. के-कॉन्फिगमध्ये मुख्य सिंबॉलला प्रॉम्प्ट, त्यावर डिपेंड्स ऑन आय२सी || एसपीआय_मास्टर, सिलेक्ट रेगमॅप, आणि खाली 'सिलेक्ट बीएमपी२८०_आय२सी इफ आय२सी' आणि तसंच एसपीआय चं. त्या दोन उपसिंबॉलना प्रॉम्प्ट नाही. आता गणित करून बघा, मुख्य ड्रायव्हर वाय, आय२सी एम, तर सिलेक्टची किंमत दोन्हीतली लहान, म्हणजे एम. आय-टू-सी चा तुकडा मॉड्यूल होतो, कोअर आणि एसपीआय चा तुकडा आत बसतो, लिंकरला काही अडत नाही. इथं सिलेक्ट शंभर टक्के बरोबर आहे, कारण न दिसणारा, आपल्याच घरातला सिंबॉल आपण निवडतोय आणि त्याची अट 'इफ' मध्ये दिलीय.

ऑडिओ कोडेकवाल्यांनी याच प्रश्नावर दुसरा उपाय काढलाय, एसएनडी_एसओसी_आय२सी_अँड_एसपीआय नावाचा एक मदतनीस सिंबॉल आहे, आय२सी एम असेल तर तो एम, आय२सी वाय असेल तर वाय, आणि नाहीतर एसपीआय वाय असेल तर वाय, या क्रमानं. ज्या कोडेकमध्ये दोन्ही बस एकाच फाइलमध्ये आहेत ते यावर अवलंबून राहतात. जुना कोड फोडणं शक्य नसेल तर हे चालतं, पण तुम्ही नव्यानं लिहिताय तर फोडाच.

याच गणितातला आणखी एक खड्डा. तुमचा ड्रायव्हर ट्रायस्टेट आहे म्हणून तुम्ही वाचलात, पण कुणी बूल ड्रायव्हर लिहिला आणि डिपेंड्स ऑन आय२सी टाकलं तर? बूलला एम ही किंमत नाही, म्हणून डिपेंडन्सी एम असली तरी बूलला वाय होता येतं. वाटतं की अट घातलीय, प्रत्यक्षात अट अर्धीच लागू होते. म्हणून टीडब्ल्यूएल४०३० सारख्या पीएमआयसी च्या बूल ड्रायव्हरमध्ये 'आय२सी=वाय' असं नेमकं लिहिलेलं दिसेल. मूळ प्रश्न हा की बूल का, ट्रायस्टेट का नाही, आणि बूटच्या अगदी सुरुवातीला लागतो अशी काही ठोस कारणं नसतील तर ट्रायस्टेटच करा.

ट्रायस्टेट ड्रायव्हरच्या पोटातला बूल ऑप्शन असेल तर अट जरा लांब होते. समजा उद्या तुम्हाला वाटलं की चिपचं तापमान हार्डवेअर मॉनिटरिंगमधूनही दाखवावं. ब्रॉडकॉमच्या टिगॉन३ नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमकं हे आहे, टिगॉन३_एचडब्ल्यूमॉन ची ओळ म्हणते, टिगॉन३ हवा, एचडब्ल्यूमॉन हवा, आणि 'टिगॉन३ वाय पण एचडब्ल्यूमॉन एम' असं नको. इंटेलच्या आयजीबी मध्ये पण तीच ओळ आहे. दिसायला बोजड आहे पण अर्थ स्वच्छ आहे, आतला माणूस बाहेरच्या मॉड्यूलला बोलावू शकत नाही, एवढी एक स्थिती वगळली की बाकी सगळं चालतं.

आता असलं तर वापरू, नसलं तरी चालेल अशी गरज. यासाठी कर्नलमध्ये एक ठराविक वाक्य आहे, डिपेंड्स ऑन आरएफकिल || !आरएफकिल (आरएफकिल म्हणजे वायरलेस चालू-बंद करायची सोय). पहिल्यांदा बघितलं की निरर्थक वाटतं, असो वा नसो, मग लिहायचं कशाला. गणित करा. आरएफकिल वाय, तर उत्तर वाय. आरएफकिल एन, तर !एन म्हणजे वाय, उत्तर वाय. आरएफकिल एम, तर !एम पण एम, उत्तर एम. म्हणजे एकच गोष्ट अडवली जाते, समोरचा मॉड्यूल असताना मी आत बसणं. लॅपटॉपच्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांमध्ये हे भरपूर सापडेल, एसीपीआय_व्हिडिओ साठी पण हीच युक्ती आहे. फक्त हे लिहिण्याआधी समोरच्याच्या हेडरमध्ये स्टब आहेत ना ते बघा, नाहीतर एन च्या वेळी कंपाइलच होणार नाही.

याला पर्याय म्हणून लोक 'इम्प्लाय' सुचवतात, ते सिलेक्टपेक्षा सौम्य आहे, समोरच्याला चालू करायला बघतं पण त्याच्या डिपेंडन्सी मोडत नाही आणि वापरणारा ते बंद करू शकतो. ते ४.१० मध्ये आलं, मुख्यतः इथरनेट ड्रायव्हर आणि पीटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ जुळवणाऱ्या) क्लॉकच्या गुंत्यासाठी. पण त्याची पुढची कथा बघण्यासारखी आहे. २०२० मध्ये इम्प्लायचा अर्थ आणखी सैल केला गेला आणि त्यानंतर 'ड्रायव्हर वाय, पीटीपी एम' ही स्थिती शक्य झाली, परत लिंकच्या तक्रारी सुरू. शेवटी २०२१ मध्ये पीटीपी_१५८८_क्लॉक_ऑप्शनल नावाचा न दिसणारा सिंबॉल काढला, पीटीपी बंद असेल तर तो वाय, नाहीतर पीटीपी ची जी किंमत असेल ती, आणि इथरनेट ड्रायव्हरांना त्यावर डिपेंड्स ऑन लावायला सांगितलं. म्हणजे फिरून तेच 'असो वा नसो' वालं वाक्य, फक्त नाव देऊन एका जागी ठेवलेलं. माझं मत स्पष्ट आहे, इम्प्लाय ही डिपेंडन्सी नाहीच, ती डिफॉल्टबद्दलची शिफारस आहे, लिंक व्हायची हमी तिच्यावर कधी टाकू नका.

आणि कृपा करून कोडमध्ये इज_रीचेबल हा मॅक्रो वापरून हे प्रश्न मिटवू नका. इज_एनेबल्ड विचारतं की समोरचा वाय किंवा एम आहे का, इज_रीचेबल विचारतं की मी जिथं आहे तिथून त्याला बोलावता येईल का. त्यानं लिंक एरर जाते हे खरं, पण समोरचा मॉड्यूल म्हणून चालू आहे, वापरणाऱ्यानं मुद्दाम चालू केलाय, आणि तुमचं फीचर गुपचूप गायब. तो बिचारा दिवसभर डिव्हाइस ट्री तपासत बसेल. बिल्ड फुटणं परवडलं, निदान कळतं तरी.

तिसरी गरज राहिली, हा प्रश्न विचारायचा कुणाला. कर्नलमध्ये हजारो ड्रायव्हर आहेत, आणि डिस्ट्रो बांधणाऱ्या माणसाला नव्या रिलीजनंतर ओल्डकॉन्फिग (जुनं कॉन्फिग नव्या कर्नलवर आणणारी कमांड) चालवलं की प्रत्येक नवीन ऑप्शनसाठी थांबून उत्तर द्यावं लागतं. ज्या ब्लॉकचं सिलिकॉन फक्त एकाच कंपनीच्या एसओसी (प्रोसेसरसकट सगळं एकाच चिपमध्ये) मध्ये असतं, समजा एखादा रॉकचिपच्या आतला क्लॉक किंवा थर्मल ब्लॉक, त्याच्याबद्दल एक्स८६ सर्व्हरवाल्याला विचारणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. तिथं आर्च_रॉकचिप वर डिपेंड्स ऑन हवं. पण एवढंच लिहिलं तर तो कोड फक्त त्या आर्किटेक्चरवाल्यांच्या बिल्डमध्ये कंपाइल होईल, आणि सबसिस्टिममध्ये कुणी एपीआय बदलला की इतरांच्या एक्स८६ मशीनवर तो मोडलेला कळणारच नाही. म्हणून २०१३ मध्ये, ३.११ च्या वेळी, कंपाइल_टेस्ट आलं, आणि तेव्हापासून पद्धत आहे आर्च_रॉकचिप || कंपाइल_टेस्ट. डावी बाजू हार्डवेअर कुठं आहे ते सांगते, उजवी सांगते की हा कोड बाकी ठिकाणी पण कंपाइल होतो.

तुमच्या सेन्सरला मात्र यातलं काहीच लागू नाही. ती चिप बाजारात सुटी मिळते, कुणीही कुठल्याही बोर्डावर लावेल. तुम्ही रॉकचिपच्या बोर्डवर टेस्ट केलं हा तुमच्यापुरता योगायोग आहे, ती डिपेंडन्सी नाही. ती ओळ गेली पाहिजे.

कंपाइल_टेस्ट लावताना एक पथ्य, ते लावलं म्हणजे तुम्ही वचन दिलंत की उरलेल्या सगळ्या बिल्डच्या गरजा वेगळ्या ओळीत लिहिल्यात. मेमरी-मॅप्ड रजिस्टर वापरताय तर हॅज_आयओमेम, जुने पोर्ट वापरताय तर हॅज_आयओपोर्ट. यूएमएल (लिनक्सवरच साधा प्रोग्रॅम म्हणून चालणारा कर्नल) सारख्या ठिकाणी या गोष्टी नसू शकतात, आर्च च्या ओळीमागं त्या आपोआप झाकल्या गेलेल्या असतात आणि कंपाइल_टेस्टनं उघड्या पडतात. याच वळणावर एक वाईट सवय लागते. ३२ बिटवर रोबोट सांगतो की __यूडिव्हडीआय३ सापडत नाही, आणि लोक पटकन डिपेंड्स ऑन ६४बिट टाकून मोकळे होतात. ती बिल्डची गरज नाही, तो कोडमधला दोष आहे, ६४ बिट संख्येला साधा भागाकार केलाय तिथं डिव्ह_यू६४ वापरायचं. डिपेंडन्सीमागं दोष लपवला की पुढं कुणालाही ती ओळ का आहे ते कळत नाही आणि ती काढायची हिंमतही होत नाही. याउलट व्हीएमवेअरच्या व्हीएमएक्सनेट३ मध्ये पेज साइझ ६४ केबी पेक्षा कमी हवी अशी अट आहे, तशा खऱ्या मर्यादा असतात आणि त्या जरूर लिहाव्यात, कमिट मेसेजमध्ये कारणासकट.

डिफॉल्ट वाय बद्दल थोडक्यात, काढा. नवीन ड्रायव्हर हा डिफॉल्ट बंदच असतो, डिफॉल्ट एन लिहायची पण गरज नाही कारण तसंही तेच आहे. डिफॉल्ट वाय चालतं ते आधीपासून कायम बिल्ड होणाऱ्या गोष्टीला नव्यानं ऑप्शन दिला तर, किंवा स्वतः काही कोड न आणणाऱ्या, फक्त पोटातले ऑप्शन उघडझाक करणाऱ्या नेट_व्हेंडर सारख्या दारांना, किंवा स्वतः डिफॉल्ट बंद असलेल्या ड्रायव्हरच्या उपऑप्शनला. तुमच्या बोर्डला हवाय तर बोर्डच्या डीफकॉन्फिगमध्ये (त्याच्या ठरलेल्या मूळ कॉन्फिगमध्ये) घाला, त्याची जागा ती आहे.

तर तुमचं के-कॉन्फिग असं होईल. मुख्य सिंबॉल ट्रायस्टेट, प्रॉम्प्टसह, डिपेंड्स ऑन आय२सी || एसपीआय_मास्टर, सिलेक्ट रेगमॅप, सिलेक्ट तुमचा_आय२सी इफ आय२सी, सिलेक्ट तुमचा_एसपीआय इफ एसपीआय_मास्टर. बफर वापरताय तर आयआयओ_बफर आणि आयआयओ_ट्रिगर्ड_बफर सिलेक्ट करा, आयआयओ मध्ये शेजारचे सगळे तसंच करतात. मग प्रॉम्प्ट नसलेले दोन उपसिंबॉल, एकात डिपेंड्स ऑन आय२सी आणि सिलेक्ट रेगमॅप_आय२सी, दुसऱ्यात एसपीआय_मास्टर आणि रेगमॅप_एसपीआय. बस. आयआयओ ची अट लिहायची गरज नाही, ती वरच्या मेनूत आहेच. हेल्पमध्ये चिपचं नाव आणि मॉड्यूलचं नाव लिहा.

पाठवायच्या आधी टेस्ट कसं करायचं, कारण 'माझ्याकडं बिल्ड होतंय' याला इथं किंमत नाही. ऑलमॉडकॉन्फिग आणि ऑलयेसकॉन्फिग करा, पण त्यात सगळे एम नाहीतर सगळे वाय असतात त्यामुळं मिश्र स्थितीतल्या चुका सापडत नाहीत, आणि तुमची चूक नेमकी मिश्र स्थितीतली होती. म्हणून स्क्रिप्ट्स मधल्या कॉन्फिग टूलनं आय२सी एम करा, एसपीआय वाय, तुमचा ड्रायव्हर वाय, मग ओल्डडीफकॉन्फिग (न विचारता नवे ऑप्शन डिफॉल्टनं भरणारं) चालवा आणि डॉट कॉन्फिग (तयार झालेली कॉन्फिग फाइल) उघडून खरोखर काय राहिलं ते वाचा, कारण ते टूल डिपेंडन्सी तपासत नाही, तपासणी ओल्डडीफकॉन्फिग करतं आणि तुमची ओळ गुपचूप बदलूही शकतं. नंतर आय२सी वाय एसपीआय एन, आय२सी एन एसपीआय वाय. मग के-कॉन्फिग_ऑलकॉन्फिग मध्ये तुमचा सिंबॉल पक्का करून रँडकॉन्फिगच्या (बाकी ऑप्शन रँडम ठरवणाऱ्या) बऱ्याच फेऱ्या रात्री लावून ठेवा, एक्स८६ वर आणि एका ३२ बिट एआरएम वर. एखादा सिंबॉल का अडकलाय ते कळत नसेल तर मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून शोधा, त्याच्या डिपेंडन्सी आणि त्याला कुणी सिलेक्ट केलंय ते सगळं आत्ताच्या किमतींसकट दिसतं.

आणि ड्रायव्हर एकदा रिलीजमध्ये गेला की डिपेंडन्सी बदलताना सांभाळून. आज ढिली असलेली अट उद्या घट्ट केलीत, किंवा सिंबॉलचं नाव बदललंत, तर जुनं डॉट कॉन्फिग घेऊन ओल्डडीफकॉन्फिग चालवणाऱ्याच्या कर्नलमधून तुमचा ड्रायव्हर एक शब्दही न बोलता निघून जातो, ना एरर ना वॉर्निंग, त्याला कळतं ते बोर्डवर सेन्सर दिसत नाही तेव्हा. म्हणून अशा पॅचच्या आधीचं आणि नंतरचं डॉट कॉन्फिग डिफकॉन्फिग स्क्रिप्टनं ताडून बघा, ट्रीमधल्या ज्या डीफकॉन्फिगमध्ये तुमचा सिंबॉल आहे त्या सगळ्यांवर, आणि कुठं काही गळत असेल तर त्याच सिरीजमध्ये ते डीफकॉन्फिगही दुरुस्त करून पाठवा.